खालून आलेलं पाणी

हा प्रवास मी गेल्या कार्तिकात केला. लिहायला बसलो तो थेट चैत्रात. मधल्या महिन्यांत कागद पुढे घ्यायचो आणि नेमकं काहीतरी दुसरं काम निघायचं. पण हे टाळणं काही महिन्यांचं नाही, निम्म्या आयुष्याचं आहे. नोकरीची उमेदीची वर्षं मी वऱ्हाडात काढली, दर्यापूरच्या बाजूला, लहान पाटबंधाऱ्यांच्या कामावर. साताऱ्याला परतल्यावर लोक विचारत, तेव्हा तिथलं ऊन, तिथली संत्री, तिथल्या माणसांचा रोखठोकपणा हे सगळं मी रंगवून सांगत असे. एक तळं मात्र त्यातून नेहमी वगळत असे.

वाचणाऱ्याला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ते आधीच सांगतो. माझ्या हुकमामुळे एका गावाचं पिण्याचं तळं खारट झालं, आणि भर ग्रामसभेत त्याचा दोष मी दुसऱ्या माणसावर जाऊ दिला. त्या माणसाला गाव सोडावं लागलं. त्यांना इथे बबनराव म्हणतो आणि गावाला लाखनखेड. दोन्ही नावं बदललेली आहेत. बबनराव आता पातूरजवळच्या एका खेड्यात राहतात एवढं मला कळलं होतं. त्यांच्यासमोर बसायचं आणि चूक माझी होती असं सांगायचं, एवढ्यासाठी मी निघालो. बाकी जे पाहिलं ते वाटेत पाहिलं. पण वाटेतलं ते इतकं पाहण्यासारखं होतं, की ते लिहिलं नाही तर आणखी एक अन्याय होईल.

अमरावती

बडनेऱ्याला सकाळी उतरलो. खरं तर तिथूनच अकोल्याची गाडी धरून दुपारपर्यंत पातूर गाठता आलं असतं. मी ठरवलं, आधी अचलपूर बघू, मग दर्यापूर, मग पातूर. डोंगरातून उतरणारं पाणी जसं जातं तसं जाऊ, असं मी मुलीला फोनवर सांगितलं. तिला ते पटलं. मला माहीत होतं की मी फक्त लांबचा रस्ता शोधतो आहे.

रिक्षावाल्यानं पिशवी ठेवता ठेवता विचारलं, “काका, पयल्यांदाच का?”

“नाही, पूर्वी राहिलोय इकडे.”

“मंग गिला वडा खाल्ल्याबिगर मी तुमाले लॉजवर नेत नाई. तो नाई खाल्ला तं अमरावतीवाले परतीच्या गाडीत बसू देत नाईत.”

त्यानं एका गाड्यासमोर रिक्षा उभी केली आणि स्वतःही एक प्लेट घेतली. दह्यात बुडालेला मऊ वडा, वर तिखट-गोड चटणी. आमच्याकडच्या दहीवड्यासारखा दिसतो, पण हा अधिक सैल आणि अधिक तिखट. त्याचे पैसे मी देऊ लागलो तर म्हणाला, “तुमचे तुमी द्या, माहे मी देतो. आमी आग्रह करतो, उपकार नाई करत.” या रोखठोकपणाची सवय मोडली होती. ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी वडाळी तलावावर जाऊन बसलो. शहराला पाणी मिळावं म्हणून कुणीतरी फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी हा बांध घातला. आता काठावर फिरायला येणारी माणसं जास्त आणि पाणी भरणारी कुणीच नाहीत. तरी पाण्याजवळ आल्यावर सगळ्यांचे आवाज खाली येतात, हे मी साताऱ्याच्या तळ्यांवरही पाहिलं आहे.

अचलपूर

एस.टी.त शेजारी एक माळीणबाई बसल्या. मांडीवर झेंडूची टोपली, पायाशी वांग्यांचं पोतं. शहरात विकून उरलेला माल परत घेऊन चालल्या होत्या.

“कुठले जी तुमी?”

“साताऱ्याचा.”

“अन् इकडं कायले?”

“पाणी पाहायला आलोय. लोकांनी बांधबंधारे केलेत ना, ते.”

त्यांनी मला खालून वर बघितलं. “तिकडं पाणी नाई का पाह्यला?”

“आहे. भरपूर आहे.”

“मंग पोराइनं घराभायेर काढलं असंन,” त्या म्हणाल्या आणि मला सोलून अर्धं संत्रं दिलं. मागच्या बाकावरचे दोघे हसले, मीही हसलो. पुढे तासभर त्यांनी आपल्या मळ्याची हकिकत सांगितली. विहीर उन्हाळ्यात आटायची, आता शेजारच्या नाल्यात पाणी अडवल्यापासून वैशाखातही दोर बुडतो.

अचलपुरात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, प्रशांत, संत्र्याची बाग करतो. त्याच्याकडे उतरलो. पहिल्या दिवशी त्यानं मला हौज कटोऱ्याला नेलं. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी हौदाच्या मधोमध बांधलेली ही अष्टकोनी, मजल्यांवर मजले चढवलेली इमारत. हौद कोरडा, भोवती शेती. पाण्यात उभं राहण्यासाठीच बांधलेली वास्तू कोरड्या जमिनीवर उभी असली की कसंतरी दिसते, जसा एखादा माणूस चुकून दुसऱ्याच्या लग्नात येऊन उभा राहावा. प्रशांत म्हणाला, “काका, आमी लहानपणी इथं यायचो तं बाबा म्हनायचे, पाणी सांभाळलं नाई तं राजवाड्याचं बी असं होते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं डोंगराच्या अंगाला नेलं. मागे सातपुडा, समोर मैलभर संत्र्याची झाडं, आंबिया बहाराच्या फळांनी वाकलेली. इथल्या बागाइतदारांनी एकेकाळी बोअरवर बोअर मारले. बागा वाळल्या, लोकांनी खोडं तोडून विकली. मग त्यांच्या गावानं एकत्र बसून ठरवलं की नवा बोअर कुणी मारायचा नाही. डोंगरापासून गावापर्यंतच्या नाल्यावर त्यांनी बंधाऱ्यांची माळ घातली आहे. कार्तिकातही एका बंधाऱ्यातून पाझरलेलं पाणी पुढच्यात येताना मी पाहिलं, इतकं संथ की त्यावर पडलेलं पान हलतंय की नाही ते कळायला थांबावं लागलं.

मी त्याला विचारलं, “कुणी चोरून बोअर मारला तर?”

“एकानं मारला होता. माह्या सख्ख्या काकानं.”

“मग?”

“मंग काय, गणपतीच्या जेवणावळीत त्याले वाढाले कोनी उठलं नाई. पत्रावळ समोर, अन् सारे इकडं तिकडं पाहून राह्यले. आठ दिवसांत त्यानं स्वतःच बुजवला.”

हे सांगताना त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काकांची थट्टाही नव्हती. रात्री जेवायला तेच काका शेजारी होते. पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. वरून सांबार घालू का, असं घरच्या बाईंनी विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला अजून आठवतं, याचं त्यांना कौतुक वाटलं. काका माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, “साहेब, रस्सा झेपते का? का कोल्हापूरवाले नुसतं नाव करून राह्यले?” मी साताऱ्याचा आहे हे सांगेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

चूक करून गावात परत ताठ मानेनं बसलेला तो माणूस मी जेवणभर बघत होतो.

लाखनखेड

अचलपूरहून अंजनगावची केळी आणि पानमळे मागे टाकत खाली उतरलं की जमीन सपाट होते आणि पाण्याची चव बदलते. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. न पाहिलेल्यांसाठी सांगतो. इथली माती काळीभोर आणि खोल, कापूस-तूर-हरभरा बघत राहावा असा. पण विहीर खणली तर खारट पाणी, बोअर मारला तर अधिक खारट. दूध त्या पाण्यात नासतं, डाळ शिजत नाही. आमच्या साताऱ्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, पेढे वाटतात. इथे खड्ड्याच्या तळाशी आपोआप पाणी आलं तर माणसांचे चेहरे उतरतात. वरून पडलेलं तेवढं आपलं, खालून आलेलं कामाचं नाही. आयुष्यभर मी प्रशिक्षणांत ‘पाणी मुरवा, मुरवा’ असं शिकवलं. या पट्ट्यात मुरवण्याआधी ते वर धरून ठेवता आलं पाहिजे.

दर्यापूरहून काळ्या-पिवळ्या जीपनं गेलो. गावाबाहेर उतरून पायवाट धरली आणि ओल्या रानात माझी चप्पल जी रुतली ती पट्टा तोडूनच वर आली. तसाच एक पाय अनवाणी, अशा थाटात सरपंच ज्योतीताईंच्या दारात उभा राहिलो. चाळिशीतली बाई, कापूस वेचून नुकत्या आल्या होत्या. प्रशांतनं फोन केलेला असल्यामुळे मी पाण्याची कामं बघत फिरणारा एक म्हातारा आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. मीही त्यात भर घातली नाही.

त्यांनी आधी नवऱ्याची चप्पल पुढे केली, मग चहा ठेवला. मी उगाचच पातेल्याकडे बघत राहिलो.

“फाटत नाई आता,” त्या हसून म्हणाल्या. “पाह्यने सारे असेच पातेल्याकडं पाहतात.”

दूध फाटलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी मला गाव दाखवलं. जवळजवळ प्रत्येक वावराच्या कोपऱ्यात शेततळं, पावसानं काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर एका-दोन पाण्याचा हरभरा. गावाचं तळं वेगळं. ते उथळ आहे, पण लांबरुंद. तळाशी काळी माती पसरून, बैल फिरवून त्यांनी ती दाबून घेतली आहे. घरांच्या पत्र्यांवरचं पाणी पन्हाळीनं गाळून त्यात सोडलं आहे. तळ्यावर कुणी जनावर धूत नाही, कुणी कपडा बुचकळत नाही. कडेला एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. ती ज्योतीताईंची सासू. “माहीच सासू अन् मलेच दोनदा हाकललं तिनं,” असं त्या म्हणाल्या. म्हातारीनं तिथूनच ओरडून विचारलं, “कोन आनलं वं? पाय धुतले का त्यानं?”

मी इतकी तळी पाहिली आहेत, बांधली आहेत. हे सर्वात देखणं.

तळ्याच्या पलीकडे एक मातीची भिंत आणि भिंतीपलीकडे खोल डोह होता. त्यात पाणकणीस माजलं होतं. पाणी निळसर, काठाला पांढरी साय धरल्यासारखं मीठ. त्यात लांब लाल पायांचे शेकाटे चालत होते आणि मधे चक्रवाकांची एक जोडी होती, भगव्या रंगाची, गावाकडे पाठ करून बसलेली. गावातली शाळा दर हिवाळ्यात मुलांना इथे पक्षी मोजायला आणते. कुणी दगड मारत नाही.

“हे काय?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“हे जुनं तळं. याले बबनचा डोह म्हनतात.”

त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती अशी. या गावात तळ्यातला गाळ काढायची एक रीत होती, अजून आहे. दर वर्षी एक माणूस निवडतात. त्यानं कुदळ धरायची नाही, टोपलं उचलायचं नाही. दिवसभर काठावर उभं राहून तळाची माती बघायची. काळी माती संपून करडी, चिकट माती दिसू लागली की खांद्यावरचा दुपट्टा खड्ड्यात टाकायचा. दुपट्टा पडला की ज्याचं फावडं जिथे असेल तिथे थांबतं. त्या करड्या मातीखाली खारं पाणी असतं, ती फुटली की संपलं. “तवा एक वर्ष यंत्र आनलं होतं म्हने सरकारनं. त्या साली दुपट्टा बबनकडं होता. त्यानं टाकलाच नाई. यंत्र पाह्यत उभा राह्यला. खालून पाणी आलं, लोकाइनं टाळ्या वाजवल्या, अन् चाखलं तं मीठ.”

“टाकला नाही असं कोण म्हणतं?”

“सारेच. मी तवा माहेरी होती, लहान. पर आमच्याइथं म्हण झाली ना. कोनी बोलत सुटला, कोनी पीत सुटला, का म्हनाचं, टाक बावा दुपट्टा, नाई तं बबन होशीन.” आणि मागून बोलत येणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “याइले तं रोज सांगा लागते.” नवरा म्हणाला, “पाह्यलं का साहेब, पाह्यन्यासमोर बी सोडत नाई.”

मला हसावं लागलं.

खरं काय घडलं ते इथेच लिहितो, कारण तिथे मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वरचे पाहुणे काम बघायला येणार होते. तळ्याला मंजूर झालेली खोली अजून भरली नव्हती. करडी माती म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. मला माहीत होतं. वाटलं, हातभर आणखी, काय होणार आहे. संध्याकाळ झाली होती. लोक घरी गेले होते, काठावर बबनराव, मी आणि परगावचा यंत्रचालक. बबनरावांनी थांबवलं. मी यंत्र थांबवलं नाही. सकाळी पाहुण्यांसमोर तळाशी पाणी चमकत होतं. टाळ्या पडल्या. दुपारी पहिली घागर घरी गेली. चार दिवसांनी ग्रामसभा बसली, लोक पेटलेले. मी उठून म्हणालो, “गावानं नेमलेल्या माणसानं थांबवलं नाही, म्हणून खोदलं.” एवढं एकच वाक्य. बबनराव समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, उठून खोटं म्हणतील. ते उठले नाहीत.

पुढे बाजारात त्यांच्या टोपलीतली वांगी गावातलं कुणी घेईना. वर्षभरात ते कुटुंब सासुरवाडीला, पातूरकडे, निघून गेलं. माझी बदली मी मागून घेतली होती, त्याच्या आधीच.

ज्योतीताईंनी निघताना शिदोरी म्हणून गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला आणि गोड्या पाण्याची बाटली भरून दिली. “अकोल्यापर्यंत पुरवा,” त्या म्हणाल्या. गाव एवढं उभं केलेल्या बाईला, ती म्हण चुकीच्या माणसाच्या नावावर आहे, हे सांगायला फार वेळ लागला नसता.

पातूर

दर्यापूरच्या स्टँडवर चष्मा पिशवीत राहिला आणि मी अकोल्याऐवजी अकोटच्या गाडीत बसलो. तिकीट काढताना वाहकानं सांगितलं, “काका, अकोट अन् अकोला एक नसते. दोनीकडं कोनाची सासुरवाडी नसते.” पुढच्या फाट्यावर उतरवून त्यानं मला समोरून येणाऱ्या गाडीत स्वतः बसवून दिलं. अर्धा दिवस वाया गेला. मनातून मी गाडीवरच्या त्या न वाचता आलेल्या बोर्डाचा आभारी होतो. अकोल्यात मुक्काम करून सकाळी पातूरला पोचलो.

पातूर म्हणजे सपाटी संपून पुन्हा डोंगर सुरू होतात ते ठिकाण. स्टँडवर एक तरुण बाई स्कूटी घेऊन उभी होती आणि मागे बबनराव बसलेले. पांढरी टोपी, खांद्यावर काहीच नाही. अचलपुरातून नंबर मिळवून मी फोन केला होता, तेव्हाच त्यांनी नाव सांगायच्या आत आवाज ओळखला होता.

“साहेब, निरा पांढरे झाले तुमी,” ते म्हणाले आणि खाली उतरून माझ्या पाया पडले. मी मागे सरलो तरी पडले.

सूनबाई, तिचं नाव वैशाली, म्हणाली, “मामाजी चार दिवसांपासून झोपले नाईत. साहेब येऊन राह्यले, साहेब येऊन राह्यले.”

त्यांचं खेडं डोंगराच्या कुशीत आहे. बबनरावांनी मला आधी घरी नेलं नाही, डोंगरावर नेलं, हे लक्षात घ्या. सत्तरीचा माणूस, माझ्या पुढे चालत होता. उतारावर समपातळीतले चर, कडेला कडुनिंब आणि सीताफळं, चरांच्या मातीवर गवत. वरचं पाणी खाली येईपर्यंत त्याची सगळी घाई निघून जाते. खाली नाल्यावर दगडी बांध आणि त्यामागे पाणी, ज्यात खडे दिसत होते. गावात पूर्वी दिवाळीनंतर टँकर यायचा. बबनराव सासुरवाडीला आले तेव्हा लोक म्हणाले, जावई, आणि वर फुकटचा सल्लागार. त्यांनी आपल्या बायकोच्या वाट्याच्या उतारावर एकट्यानं चर खणायला सुरुवात केली. एक पावसाळा गेला, शेजारच्या विहिरीला ओल आली, मग शेजारी आला. असं करत आख्खा डोंगर झाला. मला वाकून दगड बघताना पाहून ते म्हणाले, “साहेब, हा बांध तुमीच शिकवला. दर्यापूरले असताना, आठवते? दगड कसा बसवाचा, आडवा नाई, उभा नाई, कलता.”

मला आठवत नव्हतं.

पारावर माणसं जमली होती. बबनरावांनी माझी ओळख करून दिली. “हे माहे गुरू. याइच्यापासून पाणी शिकलो मी.” एक म्हातारा म्हणाला, “मंग आमाले इतके वर्ष काहून सांगतलं नाई तुह्या गुरूचं नाव? आमी समजत होतो का तू उपजतच शहाना.” सगळे हसले. त्यांनी मला झेंडूचा हार घातला, त्यांच्याच मळ्यातला. मी तो गळ्यात घालून बसलो.

जेवायला रोडगे होते, गोवरीच्या आगीत भाजलेले, तुपात कुस्करलेले, आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे पाहुण्याला आधी गोड वाढतात, इथे आधी विचारतात, ‘तिखट चालते का’, आणि उत्तर न ऐकताच वाढतात. असं अन्न मी पुष्कळ दिवसांत खाल्लं नव्हतं.

जेवणानंतर बबनराव मला बांधावर घेऊन गेले. दोघंच. मी वाक्य मनात जुळवून आणलं होतं. साताऱ्याहून निघाल्यापासून ते घोकत होतो. तोंड उघडणार, एवढ्यात ते म्हणाले, “साहेब, तुमच्यापाशी एक गोष्ट बोलाची राह्यली. नाई बोललो तं मराले सोपं जाणार नाई.”

मी बांधाच्या दगडावर टेकलो.

“त्या तळ्याचं. चूक माही होती. तुमचं नाव खराब झालं असंन माह्यापाई. बदली बी झाली तुमची.”

“बबनराव, तुम्ही तर थांबवलं…”

“मले बी तसंच वाटत होतं जी. चार दिवस वाटत होतं का मी दुपट्टा टाकला. पर सभेत तुमी बोल्ले. साहेब खोटं कायले बोलतीन? घरी येऊन आठवत बसलो. बायको म्हने, झोपा. मी म्हटलं, शंभर मानसं म्हनतात अन् साहेब म्हनतात, तं मीच टाकला नसंन. यंत्र पाह्यत राह्यलो असंन येड्यावानी.” ते पाण्याकडे बघत होते. “तवापासून खांद्यावर दुपट्टा घेत नाई मी. माय मेली तवा गावात गेलो, मातीले उभा राह्यलो अन् तसाच परतलो. त्या तळ्याकडं पाह्यलं नाई. तिथं माह्या नावाची म्हण हाय म्हनतात.” ते थोडं हसले. “इथं जे केलं ते त्याच्याचसाठी केलं. तेवढं पाणी खराब केलं, तं तेवढं तरी भरून द्याचं. भरलं का नाई काय मालूम.”

आता सांगायचं होतं. याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. पण ते त्याच वेळी माझ्याकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, “मले माफ करा साहेब.”

मी म्हणालो, “जाऊ द्या हो. जुनी गोष्ट आहे.”

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग वैशाली चहा घेऊन आली. तिला ते म्हणाले, “साहेबानं माफ केलं वं मले.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली.

त्यानंतर सांगता आलं नाही. ज्या माणसाला नुकतंच हलकं वाटलं, त्याला आता कशाला, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं मला ओळखीचं होतं. हातभर आणखी, काय होणार आहे, हे त्याच सुरात म्हटलं होतं. संध्याकाळच्या गाडीला वैशालीनं सोडलं, पिशवीभर वांगी दिली. बबनराव फाट्यापर्यंत चालत आले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

परतल्यावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा झेंडूच्या भावाबद्दल बोललो. लाखनखेडला ज्योतीताईंना हे पान पाठवतो आहे, ती म्हण त्यांनी पुसावी म्हणून. वैशाली मामाजींना रोज पेपर वाचून दाखवते, हे छापून आलं तर तेही ती कदाचित वाचून दाखवेल. पण सुनेच्या तोंडून ऐकणं आणि माझ्या तोंडून ऐकणं एक नव्हे, हे मला कळतं. बांधावर बसून जे म्हणायचं होतं ते असं होतं:

बबनराव, तुम्ही दुपट्टा टाकला होता. करड्या मातीवर तो पडलेला मी पाहिला. मी खड्ड्यात उतरलो, तो उचलला, झटकला, हसत हसत तुमच्या खांद्यावर परत ठेवला आणि यंत्रवाल्याला म्हणालो, चालू दे. तुमची आठवण खरी आहे. खोटं मी बोललो. मला माफ करा.